दीर्घ आजाराचे बाळ आणि अंगावर पाजणारी आई

बाळ महिना-दीड महिन्याचे होईपर्यंत सगळे ठीक चाललेले असते. ते ओढून दूध पिते, झोपते, वजनही धरते. त्यानंतर मात्र दोन-चार मिनिटे पिऊन ते थांबते, कपाळावर घाम येतो, पोट उडवत श्वास चालतो, थोड्या वेळाने पुन्हा भुकेने रडते आणि अंगणवाडीतल्या काट्यावर वजन जागचे हलत नाही. घरातला निष्कर्ष ठरलेला असतो: आईच्या अंगावर दूध नाही, किंवा आहे ते पातळ आहे. मग डब्याची पावडर येते, बाटली येते, बाळ अंगावर कमी लागते आणि जे दूध होते तेही खरोखरच आटते. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला मोठे छिद्र असलेल्या कितीतरी बाळांची कथा अशीच सुरू होते, आणि तिच्यात आईच्या दुधाचा काडीचाही दोष नसतो.

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. जन्मानंतरचे पहिले काही दिवस-आठवडे फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील दाब चढाच असतो, त्यामुळे छिद्र मोठे असले तरी त्यातून फारसे रक्त वाहत नाही. साधारण चार ते सहा आठवड्यांत हा दाब उतरतो आणि डाव्या बाजूचे शुद्ध रक्त छिद्रातून उजवीकडे व तेथून परत फुप्फुसांत जाऊ लागते. फुप्फुसे रक्ताने जड होतात, श्वास जलद होतो आणि हृदयावर जादा कामाचा बोजा पडतो. तान्ह्या बाळाच्या दिवसातले सर्वांत श्रमाचे काम म्हणजे दूध ओढणे, म्हणून हा दोष पहिल्यांदा दिसतो तो पाजतानाच. निरोगी तान्ह्या बाळाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १०० ते ११० किलोकॅलरी पुरतात. अशा बाळाला १३० ते १५० लागू शकतात, आणि नेमके तेच बाळ दमून कमी पिते. बाळाचे वजन अडले की आईच्या छातीला दोष देण्याआधी बाळाची छाती तपासून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दीर्घकालीन आजार म्हणजे काही महिने किंवा आयुष्यभर सोबत राहणारा आजार. जन्मजात हृदयदोष, थायरॉईडची कमतरता, मूत्रपिंडाचे विकार, अपस्मार, डाऊन सिंड्रोम, थॅलेसेमिया, सिकल सेल ही त्यांतली काही नावे. अशा आजारात रुग्णालयातले दिवस थोडे आणि घरातले दिवस फार असतात, त्यामुळे डॉक्टरांनी लिहून दिलेली शुश्रूषा प्रत्यक्षात पार पाडते ती आई. सोलापूरच्या श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वसाधारण रुग्णालयात, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘सिव्हिल’मध्ये, अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्यापासून आया बाळे घेऊन येतात. कोणी घरी तेलुगू बोलते, कोणी कन्नड. परिचारिकेने मराठीत घाईने सांगितलेल्या चार सूचनांना मान डोलावली म्हणजे त्या समजल्या, असे मुळीच नाही. ‘समजले का?’ असे विचारण्यापेक्षा ‘आता तुम्ही मला करून दाखवा’ असे म्हणावे. औषधाची मात्रा सिरिंजमध्ये आईने स्वतः भरून दाखवली, श्वास स्वतः मोजला, तरच सुट्टीचा कागद हातात देण्यात अर्थ आहे.

आजारी बाळासाठी अंगावरच्या दुधाचा आग्रह केवळ भावनेपोटी धरला जात नाही. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त आईचे दूध आणि त्यानंतर पूरक आहारासोबत दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान सुचवते. हा सल्ला सर्वच बाळांसाठी आहे. पण ज्या बाळाला साधी सर्दीसुद्धा न्यूमोनियापर्यंत नेऊ शकते, त्याच्यासाठी दुधातील संरक्षक प्रथिनांचे मोल अधिक आहे. हृदयदोष असलेल्या बाळांना अंगावर पिताना बाटलीपेक्षा कमी श्रम पडतात आणि रक्तातील ऑक्सिजनची पातळी अधिक स्थिर राहते, असे निरीक्षणांत दिसले आहे. बाटली सोपी, हा समज त्यामुळे तपासून पाहावा लागतो. बाटलीतून दूध आपोआप घशात येत राहते आणि दमलेल्या बाळाला श्वासासाठी थांबायला उसंत मिळत नाही. अंगावर पिताना ओढायचे केव्हा आणि थांबायचे केव्हा, हे बाळच ठरवते. मूत्रपिंडे कमजोर असलेल्या बाळालाही आईचे दूध मानवते, कारण गाईच्या दुधाच्या तुलनेत त्यात प्रथिने, क्षार आणि फॉस्फरस कमी असतात व ते गाळण्याचा भार हलका राहतो.

दमणाऱ्या बाळाला पाजण्याची रीत थोडी वेगळी आहे. त्याला आडवे न धरता डोके आणि छाती वर राहील असे, जवळजवळ बसते धरावे. मान वळलेली किंवा छातीवर टेकलेली नसावी. भुकेने रडून थकण्याची वाट पाहू नये, कारण रडण्यात गेलेली शक्ती पिण्यासाठी उरत नाही. हात तोंडाकडे नेणे, ओठ चोखणे, मान इकडेतिकडे वळवणे ही आधीची लक्षणे दिसताच पदराखाली घ्यावे. दर दोन-अडीच तासांनी थोडे थोडे पाजावे. एका वेळचे पाजणे साधारण अर्ध्या तासाच्या आत आटोपावे, कारण त्यापुढे बाळ मिळवते त्याहून जास्त खर्च करते. अर्ध्या तासात पोट भरले नाही, तर उरलेले दूध हाताने काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्यावे. बाटलीपेक्षा वाटी-चमचा स्वच्छ ठेवणेही सोपे असते. बाळाला दूध ओढण्याची ताकद फारच कमी असेल, तर सुरुवातीचे पातळ दूध काढून ठेवून नंतरच्या स्निग्ध दुधाला बाळ लावण्याची युक्ती परिचारिका सुचवतात. काढलेले दूध टाकायचे नाही, तेही नंतर वापरता येते.

श्वास मोजणे प्रत्येक आईला आले पाहिजे. बाळ झोपलेले किंवा शांत असताना त्याच्या पोटावरचा कपडा वर करावा आणि घड्याळाचा काटा पाहत पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर येते ते मोजावे; पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, कारण तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक असेल, तर तो जलद मानतात. हृदयदोषाच्या बाळाचा श्वास एरवीही थोडा जलदच असू शकतो, म्हणून त्याचा नेहमीचा आकडा वहीत लिहिलेला असावा. त्या आकड्यापेक्षा श्वास वाढला, बरगड्यांखाली खड्डे पडू लागले, पिणे निम्म्यावर आले किंवा लघवीचे लंगोट कमी झाले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

आता हाताने दूध काढण्याविषयी. ही कृती साधी आहे, पण चुकीच्या रीतीने केली तर दुखते आणि दूधही येत नाही, आणि मग ‘मला नाहीच’ हा समज आणखी पक्का होतो. हात साबणाने धुवावेत, रुंद तोंडाची उकळून घेतलेली वाटी मांडीवर घ्यावी, मिनिटभर स्तनाला हलकेच चोळावे. अंगठा वर आणि पहिली दोन बोटे खाली, स्तनाग्रापासून सुमारे दोन ते तीन सेंटिमीटर मागे ठेवावीत. आधी बोटे छातीच्या दिशेने मागे दाबावीत, मग एकमेकांकडे आणावीत, मग सैल सोडावीत. बोटे कातडीवर घासायची नाहीत आणि स्तनाग्र पिळायचे नाही. पहिले मिनिट-दोन मिनिटे काहीच येत नाही, मग थेंब, मग धार. बोटांची जागा फिरवत दोन्ही बाजू मिळून वीस ते तीस मिनिटे लागतात. बाळ अंगावर पीतच नसेल, तर दिवस-रात्र मिळून किमान आठ वेळा दूध काढावे लागते आणि त्यांतली एक तरी वेळ रात्रीची असावी, कारण दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री अधिक असते. दूध विहिरीच्या पाण्यासारखे आहे, उपसले तर झरे मोकळे राहतात. स्तन भरलेलेच राहिले, तर दूध बनवू नको असाच संदेश शरीराला मिळतो. बाळाचा कपडा जवळ घेणे, कोणीतरी पाठ चोळून देणे, कोणी दारात उभे राहून ‘किती आले?’ असे न विचारणे, यानेही पान्हा लवकर सुटतो.

साठवणीच्या बाबतीत छापील पत्रकांतले आकडे सोलापुरात जसेच्या तसे चालत नाहीत. काढलेले दूध बाहेर चार तास टिकते असे लिहिलेले असते, ते साधारण २५ अंश तापमान धरून. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा ४० च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या छताखालची खोली त्याहूनही तापते, तेव्हा फ्रिज नसलेल्या घरात दूध काढल्याबरोबर पाजावे, ठेवूच नये. फ्रिज असेल तर दारात न ठेवता आतल्या बाजूला, झाकणाच्या स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात, काढल्याची वेळ लिहून ठेवावे. निरोगी बाळासाठी असे दूध चार दिवसांपर्यंत चालते, पण आजारी बाळासाठी वॉर्डने सांगितलेली मुदत पाळावी, ती बहुधा यापेक्षा कमी असते. दूध उकळू नये; गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून कोमट करावे. बाळाची उष्टी झालेली वाटी पुन्हा साठवायची नाही.

काही बाळांना नाकातून नळी घालून दूध द्यावे लागते. नळी म्हणजे स्तनपान संपले, असे अनेक आयांना वाटते आणि त्या खचतात. नळीतून आईचेच काढलेले दूध जाते, आणि त्याच वेळी बाळाला नुकत्याच रिकाम्या केलेल्या स्तनाला लावता येते. त्यामुळे चोखण्याची सवय मोडत नाही, तोंडाची चव आणि पोट भरण्याची भावना जोडलेली राहते आणि आईचे दूधही टिकते. सुई टोचताना किंवा रक्त घेताना बाळ अंगावर पीत असेल, तर वेदना कमी होतात, हेही अभ्यासांत सिद्ध झाले आहे. त्यामुळे ‘आईला बाहेर थांबवा’ ही जुनी सवय मोडायला हवी. दूध किती पोटात गेले याची शंका असेल, तर परिचारिका पाजण्यापूर्वी आणि नंतर त्याच कपड्यांत, लंगोट न बदलता, अचूक काट्यावर वजन करतात. वाढलेला एक ग्रॅम म्हणजे ढोबळ मानाने एक मिलिलिटर दूध. दुधात कॅलरी वाढवणारी पूड घालायची की नाही, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवावे. शेजारच्या बाळाला दिली म्हणून आपल्याला नको.

आजारागणिक बारकावे बदलतात. थायरॉईडच्या बाळाची गोळी रोज ठरावीक वेळी, दोन चमच्यांमध्ये चुरून, चमचाभर काढलेल्या दुधात कालवून पाजावी. वाटीभर दुधात घातली आणि बाळाने अर्धी वाटी टाकली, तर मात्राही अर्धीच गेली. लोह आणि कॅल्शियमची औषधे या गोळीपासून काही तास दूर ठेवावीत. डाऊन सिंड्रोमच्या बाळाचे तोंड सैल असते, म्हणून आईने स्तनाखालच्या तळहातानेच हनुवटीलाही आधार द्यावा. ज्या हृदयदोषात ओठ-नखे निळी पडतात, त्या बाळांचे रक्त दाट असते. उन्हाळ्यात अंगातले पाणी कमी झाले, तर रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून जुलाब, उलट्या किंवा ताप असेल, तर अशा बाळाला त्याच दिवशी दाखवावे. उन्हाळ्यातही सहा महिन्यांखालील बाळाला वरचे पाणी द्यायचे नसते, कारण आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते. पाजण्याच्या वेळा वाढवाव्यात. रडता रडता बाळ एकाएकी जास्त निळे पडले, तर त्याचे गुडघे दुमडून छातीशी घ्यावेत, शांत करावे आणि १०८ ला फोन लावावा.

दूध खरोखर थांबवावे लागते असे आजार अगदी थोडे आहेत. गॅलॅक्टोसेमिया या जन्मजात विकारात दुधातील साखरच बाळाला बाधते, तेथे अंगावरचे दूध पूर्ण बंद करावे लागते. फिनाइलकीटोन्युरियामध्ये, म्हणजे प्रथिनांतील एक घटक शरीराला पचवता न येणाऱ्या जन्मजात विकारात, खास पावडर आणि आईचे दूध मोजून एकत्र देता येते. आईच्या बाजूने पाहिले, तर कर्करोगाची केमोथेरपी आणि किरणोत्सारी आयोडीन ही ठळक कारणे आहेत. मधुमेहाचे इन्सुलिन, थायरॉईडची गोळी आणि अपस्माराची बरीचशी औषधे घेत असताना पाजता येते. फिनोबार्बिटोनसारख्या औषधात बाळ फार गुंगीत राहते का, एवढे पाहावे. आईला क्षयरोग असला तरी औषधे सुरू करून, तोंडाला मास्क लावून पाजता येते आणि बाळाला प्रतिबंधक औषध दिले जाते. कोणतेही औषध सुरू करताना ‘मी अंगावर पाजते’ हे आईने स्वतःहून सांगावे. केसपेपरवर ते बहुधा लिहिलेले नसते.

सोलापुरात आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, ती म्हणजे विडी. शहराच्या पूर्व भागात आणि कुंभारीच्या घरकुलांत असंख्य बायका घरी बसून विड्या वळतात, सूप मांडीवर आणि बाळ शेजारी. तंबाखूतील निकोटीन कातडीतून आणि धुळीतून शरीरात जाते व दुधातही उतरते. दात घासायच्या मिश्रीचेही तेच आहे, उलट तिच्यातून ते थेट हिरडीवाटे रक्तात जाते. तरीही अशा आईने पाजणे बंद करू नये. दूध तोडण्याने होणारे नुकसान अधिक मोठे आहे. विड्या वळण्याची जागा बाळाच्या झोळीपासून लांब आणि हवेशीर ठेवावी, पाजण्यापूर्वी हात कोपरापर्यंत साबणाने धुवावेत, तंबाखूची धूळ बसलेली साडी बदलावी किंवा निदान वरून स्वच्छ ओढणी घ्यावी. मिश्री सोडावी, ती एकदम सुटत नसेल तर पाजून झाल्यावर लावावी आणि हळूहळू कमी करावी. हजार विड्यांच्या मजुरीवर घर चालवणाऱ्या बाईला ‘काम सोडा’ असे सांगणे तोंडाला सोपे आहे, म्हणून मी ते सांगणार नाही.

आईच्या ताटाकडेही पाहावे लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार पहिल्या सहा महिन्यांत पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० किलोकॅलरी जादा लागतात. ज्वारीची आणखी दोन भाकरी, डाळ, शेंगाचटणी, दूध किंवा ताक, पालेभाजी, परवडत असेल तर अंडे, एवढ्याने ती गरज बरीचशी भागते. बाळंतिणीला पाणी तोडण्याची चाल मात्र या हवेत घातक आहे. तहानेपुरते पाणी मोकळेपणाने द्यावे. मनाचेही तसेच. दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत रडू येणे, झोप उडणे, बाळाकडे पाहावेसे न वाटणे ही आजाराची लक्षणे आहेत. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या शासकीय हेल्पलाइनच्या, क्रमांकावर मराठीतून, मोफत बोलता येते.

कधी आजारी असते ते मोठे मूल आणि तान्हे दुसरेच असते. थॅलेसेमियाच्या पाच वर्षांच्या मुलाला रक्त चढवायला दर तीन-चार आठवड्यांनी दिवसभर वॉर्डमध्ये बसणारी आई घरी चार महिन्यांचे बाळ ठेवून आलेली असते. दुपारपर्यंत तिचे स्तन दगडासारखे होतात, संध्याकाळी ताप येतो. परिचारिकेने सकाळीच ‘घरी तान्हे आहे का?’ असे विचारले, तर आडोशाला बसून दूध काढण्याची सोय करता येते किंवा बाळाला पाजण्यापुरते आणवता येते. स्तनात गाठ आली तरी पाजणे थांबवायचे नसते. त्या बाजूनेही बाळाला नेहमीप्रमाणे पाजावे, थंड पट्ट्या ठेवाव्यात, आणि चोवीस तासांत उतार पडला नाही तर औषधासाठी दाखवावे.

मदतीचे दरवाजेही आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाडी आणि शाळांतून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करून पुढे पाठवतात. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात शासकीय रुग्णालयांत एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळांचे उपचार आणि ने-आण मोफत आहे. मोठ्या शस्त्रक्रियांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. सुरुवात आशाताईंपासून करावी, कागद कोणते लागतील हे त्या सांगतात.

हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी सोलापूरच्या पुष्कळ कुटुंबांना पुण्या-मुंबईला जावे लागते. भूल देण्यापूर्वी अंगावरचे दूध साधारणपणे चार तास आणि पावडरचे किंवा गाईचे दूध सहा तास आधी थांबवतात. नेमकी वेळ भूलतज्ज्ञ सांगतील, आणि त्या वेळेपर्यंत बाळाला जागे करूनही पाजावे. त्यानंतर आईने दर तीन तासांनी दूध काढत राहावे आणि प्रत्येक भांड्यावर बाळाचे नाव, तारीख व वेळ लिहावी. शस्त्रक्रियेनंतर पहिले दूध बहुधा नळीतून दिले जाते. छातीत स्निग्ध द्रव साचू लागला, तर काही आठवडे वेगळे, स्निग्धांश कमी असलेले दूध द्यावे लागते, पण आईने आपले दूध काढणे त्या काळातही चालू ठेवावे. म्हणून निघण्यापूर्वीच रुग्णालयात फोन करून विचारावे: आईच्या झोपण्याची सोय कुठे आहे, दूध काढायला आडोसा आहे का, आणि काढलेले दूध ठेवायला वॉर्डमध्ये फ्रिज मिळेल का.